गेम थिअरी आणि स्वयंचलित ट्रेडिंग यांच्यामधली कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासानंतर थांबून किंवा मेलवर विद्यार्थी जे विचारतात, त्यात ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एकदाची उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी संगणकशास्त्रात, लिलावांच्या सिद्धांतावर पीएचडी केली, मग काही वर्षं एका ट्रेडिंग कंपनीत काढली आणि पुन्हा शिकवायला आले. उत्तरांची लांबी सारखी नाही. काही प्रश्नांना एक ओळ पुरते, काहींना पानभर लागतं.

अल्गोरिदमिक गेम थिअरी म्हणजे नेमकं काय? नुसत्या गेम थिअरीपेक्षा ती वेगळी कशी?

गेम थिअरी वाढली ती गणित आणि अर्थशास्त्राच्या घरात. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांचा ग्रंथ १९४४ चा. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी दाखवलं की खेळाडू आणि चाली मोजक्या असतील, आणि नाणं उडवून चाल ठरवायची मुभा असेल, तर खेळाला निदान एक समतोल असतोच. समतोल म्हणजे अशी स्थिती, की कोणाही एकट्याने आपली चाल बदलून त्याचा फायदा होत नाही.

संगणकशास्त्रज्ञ या घरात उशिरा आले आणि आल्या आल्या त्यांनी आगाऊ प्रश्न विचारला : समतोल असतो हे ठीक, पण तो सापडतो का? आणि किती वेळात? दासकालाकिस, गोल्डबर्ग आणि पापादिमित्रिऊ यांनी, आणि दोनच खेळाडूंच्या खेळासाठी चेन आणि डेंग यांनी, २००६ च्या सुमारास याचं उत्तर दिलं. ते फारसं आशादायक नव्हतं : सगळ्या खेळांना लागू पडणारी झटपट रीत बहुधा नाहीच. कमल जैन यांचं एक म्हणणं या क्षेत्रात नेहमी ऐकू येतं : जो समतोल तुमच्या लॅपटॉपला सापडत नाही, तो बाजारालाही सापडणार नाही. मला हे वाक्य फार आवडतं, कारण त्यात बाजाराकडे एक गणनयंत्र म्हणून पाहिलं आहे.

आणखी दोन धागे १९९९ मध्ये सुरू झाले. कुत्सुपियास आणि पापादिमित्रिऊ यांनी विचारलं की प्रत्येकाने आपापलं पाहिलं तर सगळ्यांचं मिळून किती नुकसान होतं. त्याला पुढे ‘प्राइस ऑफ अनार्की’ हे नाव पडलं. रफगार्डन आणि टार्डोश यांनी रस्त्यांच्या जाळ्यासाठी याचा देखणा आकडा काढला : प्रवासाचा वेळ गर्दीबरोबर सरळ रेषेत वाढत असेल, तर स्वार्थी वाहनचालकांचा एकूण वेळ सर्वोत्तम नियोजनाच्या ४/३ पटीपेक्षा जास्त होत नाही. दुसरीकडे निसान आणि रोनेन यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. माणसं आपापलं पाहणारच, तर नियमच असे करा की खरं बोलण्यात त्यांचा फायदा असेल, आणि ते नियम संगणकाला वेळेत राबवता येतील. मूळ कल्पना विल्यम विकरी यांच्या १९६१ च्या लिलावाची. त्यात सर्वात मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके भरावे लागतात. कुत्सुपियास-पापादिमित्रिऊ, रफगार्डन-टार्डोश आणि निसान-रोनेन यांच्या या कामांना २०१२ चं गोडेल पारितोषिक (सैद्धांतिक संगणकशास्त्रातला मोठा सन्मान) एकत्र मिळालं.

याचा ट्रेडिंगशी काय संबंध? तिथे तर आलेख आणि मशीन लर्निंग चालतं.

शेअर बाजार हा एक लिलाव आहे. फक्त तो कधी संपत नाही. ऑर्डर बुकमध्ये एका बाजूला ‘या भावाला घेईन’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘या भावाला विकेन’ म्हणणारे रांगेत उभे असतात. यातली प्रत्येक ऑर्डर ही एक चाल असते आणि ती सगळ्यांना दिसते.

दोन्ही विषयांचा सांधा दाखवणारं मला सर्वात आवडणारं उदाहरण ग्लॉस्टन आणि मिलग्रॉम यांच्या १९८५ च्या मॉडेलचं. समजा, एका शेअरची खरी किंमत १०० किंवा ११० आहे, दोन्हींची शक्यता सारखी. तुम्ही मार्केट मेकर आहात. घेणाऱ्यासाठी एक भाव आणि विकणाऱ्यासाठी एक भाव सतत लावून ठेवणं हे तुमचं काम. येणाऱ्या दर शंभर गिऱ्हाइकांपैकी २० जणांना खरी किंमत ठाऊक आहे. बाकीचे ८० आपल्या गरजेपोटी येतात, निम्मे घ्यायला आणि निम्मे विकायला. आता एक जण आला आणि म्हणाला, ‘मला घ्यायचाय.’ किंमत ११० असती तर असं म्हणणारे शंभरात ६० असते, १०० असती तर ४०. म्हणजे त्याने तोंड उघडताच ११० ची शक्यता ५० वरून ६० टक्के झाली. तेव्हा तुम्ही त्याला १०६ पेक्षा कमी भावाने विकलंत तर सरासरीने बुडणार. विकायला येणाऱ्याचं गणित उलट्या दिशेने, तिथे भाव १०४. मधला २ चा फरक म्हणजे स्प्रेड. यात दलाली नाही, नफेखोरी नाही, मक्तेदारी नाही. हा फरक निव्वळ ‘समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल’ या शंकेची किंमत आहे. जाणकार २० ऐवजी ५० टक्के केलेत तर भाव १०७.५ आणि १०२.५ होतात, स्प्रेड ५.

विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर स्वतः सोडवायला लावते. कारण इथे एक गोष्ट डोक्यात बसते, ती नंतर कुठल्याच अभ्यासक्रमात इतकी सरळ भेटत नाही : भाव हा हवामानासारखा आकडा नाही. उद्या पाऊस पडेल असं भाकीत केल्याने ढग बदलत नाहीत. बाजारात मात्र तुमची ऑर्डर हीच बातमी असते आणि ती वाचून समोरचा हलतो. मशीन लर्निंग तिथे चालतं, खूप चालतं. पण ज्याला हा फरक कळलेला नाही, त्याचं मॉडेल फार काळ चालत नाही.

म्हणजे गेम थिअरी शिकलं की ट्रेडिंगमध्ये पैसे मिळतात?

नाही. गेम थिअरीचा एक गाजलेला निष्कर्षच याच्या विरुद्ध जातो. मिलग्रॉम आणि स्टोकी यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सगळे पूर्ण तर्कशुद्ध असतील आणि सौदा फक्त माहितीच्या जोरावर होत असेल, तर सौदाच होणार नाही. तुम्ही इतक्या हौसेने विकायला निघालात हे पाहूनच समोरचा घेणार नाही. प्रत्यक्षात सौदे होतात, कारण कोणाला पैशांची गरज असते, कोणाला जोखीम कमी करायची असते, आणि कोणी चुकत असतो. यातलं आपण कोण, हा प्रश्न ऑर्डर टाकण्याआधी स्वतःला विचारायचा. गेम थिअरीचा उपयोग तिथपर्यंत नक्की आहे.

दोन्हीकडे पाय रोवलेली माणसं खरंच आहेत का?

आहेत, पण वाटा निरनिराळ्या आहेत, आणि विद्यार्थी त्या एकात एक मिसळतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मायकल कर्न्स यांची वाट मला सर्वात शिकण्यासारखी वाटते. हार्वर्डला लेस्ली व्हॅलियंट यांच्याकडे १९८९ मध्ये पीएचडी, विषय यंत्रांच्या शिकण्याचा गणिती सिद्धांत. मग बेल लॅब्ज आणि एटी अँड टी च्या संशोधनशाळांत दहाएक वर्षं, आणि त्यानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. २००१ मध्ये लिटमन आणि सिंग यांच्याबरोबर त्यांनी ‘ग्राफिकल गेम्स’ मांडले. खेळाडू हजार असले तरी प्रत्येकाचा संबंध मोजक्या शेजाऱ्यांशीच येतो, मग अख्ख्या खेळाचा तक्ता कशाला लिहायचा? त्याच सुमारास ‘पेन-लेहमन ऑटोमेटेड ट्रेडिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला. विद्यार्थ्यांचे प्रोग्राम एका कृत्रिम बाजारात लढायचे, पण त्या बाजारात ‘आयलंड’ या खऱ्या इलेक्ट्रॉनिक बाजाराचं ऑर्डर बुक जिवंत मिसळलेलं असायचं. कल्पना झकास. त्रुटीही लगेच दिसते : विद्यार्थ्यांचे प्रोग्राम खऱ्या ऑर्डरींना उत्तर देत, पण खऱ्या ऑर्डरींना या पोरांचा पत्ताच नसायचा. पुढे कर्न्स यांनी वॉल स्ट्रीटवरच्या कंपन्यांबरोबर काम केलं आणि त्यातून पेपरही निघाले.

मिशिगनचे मायकल वेलमन दुसऱ्या टोकाने आले. २००० मध्ये त्यांच्या गटाने पहिली ‘ट्रेडिंग एजंट कॉम्पिटिशन’ भरवली. प्रत्येक प्रोग्रामला आठ गिऱ्हाइकांची सहल जमवायची होती. विमानाची तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, करमणुकीचे पास, प्रत्येकाचा लिलाव वेगळा. ऐकायला पोरखेळ, पण एका लिलावातली बोली दुसऱ्यातल्या निकालावर कशी टांगलेली असते हे त्यात लख्ख दिसतं. वेलमन यांनी बाजाराकडे पाहिलं ते मुख्यतः नियम तपासणाऱ्याच्या नजरेने.

डेव्हिड शॉ कोलंबियात संगणकशास्त्र शिकवत होते. १९८६ मध्ये मॉर्गन स्टॅनलीत गेले आणि १९८८ मध्ये स्वतःची ट्रेडिंग कंपनी काढली. जिम सायमन्स यांचं नाव भूमितीत आधीच झालं होतं, चर्न-सायमन्स सिद्धांताचा पेपर १९७४ चा. १९७८ मध्ये त्यांनी ट्रेडिंगसाठी विद्यापीठ सोडलं. या दोघांना मी ‘दोन्हीकडची’ कारकीर्द म्हणत नाही. ते एका घरातून निघून दुसऱ्या घरात गेले. शॉ नंतर विज्ञानाकडे परतले, पण जीवरसायनशास्त्राकडे आणि स्वतःच्या संस्थेत. ती सोय सगळ्यांना नसते.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी उपयोगी पडलेलं एखादं काम सांगाल?

डार्क पूलचा प्रश्न. मोठ्या फंडाला लाखभर शेअर विकायचे असले तर उघड बाजारात ते दिसतात आणि भाव कोसळतो. म्हणून काही ठिकाणी ऑर्डरी झाकलेल्या असतात. तुम्ही आकडा पाठवता, समोर कोणी असेल तर सौदा होतो, नसेल तर नाही. अशी ठिकाणं अनेक. कुठे किती पाठवायचं?

अडचण अशी की मिळणारी माहिती अर्धवट असते. मी १,००० शेअर पाठवले आणि ६०० गेले, तर तिथे ६०० ची मागणी होती हे कळलं. पण सगळे १,००० गेले तर? मागणी १,००० असेल, नाहीतर ५०,००० असेल. कळायला मार्ग नाही. गान्चेव, कर्न्स, नेव्हमिवाका आणि वॉन यांनी २००९ मध्ये ओळखलं की ही अडचण वैद्यकीय आकडेवारीत जुनी आहे. अभ्यास संपला तेव्हा रुग्ण जिवंत होता, म्हणजे तो निदान इतकी वर्षं जगला. पुढचं माहीत नाही. तिथली कॅप्लन-मायर पद्धत त्यांनी बाजारात आणली आणि सिद्ध केलं की अज्ञात ठिकाणी थोडं जास्त पाठवून चाचपत राहिलं तर अल्गोरिदम लवकर चांगल्या वाटपापर्यंत पोचतो. सिद्धांतवाल्यांना प्रमेय मिळालं, ट्रेडिंगवाल्यांना चालणारी रीत मिळाली. असं दोन्ही हातांनी टाळी वाजणारं काम विरळा.

दुसरं नाव घ्यायचं तर ‘रिग्रेट’, म्हणजे हळहळ. रोज तुमच्यासमोर काही पर्याय आहेत, उद्याचं काहीच माहीत नाही. वर्षाच्या शेवटी मागे वळून पाहिलं तर ‘एकच पर्याय धरून बसले असते तर किती जास्त मिळालं असतं’ याला हळहळ म्हणायचं. प्रत्येक पर्यायाला वजन देऊन, जो चांगला चालला त्याचं वजन वाढवत गेलात, तर दिवस शंभरपट झाले तरी हळहळीची हमी फक्त दहापटच वाढते. म्हणजे रोजची सरासरी हळहळ शून्याकडे जाते. समोरचा जाणूनबुजून तुमच्या वाईटावर असला तरीही! याचं मूळ हॅनन यांच्या १९५७ च्या कामात आहे. टॉम कव्हर यांनी १९९१ मध्ये गुंतवणुकीच्या वाटपासाठी अशीच हमी काढली. आणि हीच रीत दोघांनी एकमेकांविरुद्ध वापरली तर शून्य-बेरीज खेळात (एकाचा फायदा तितकाच दुसऱ्याचा तोटा) त्यांच्या सरासरी चाली समतोलाकडे जातात. शिकण्याचा सिद्धांत आणि गेम थिअरी इथे एकाच दारातून आत येतात.

फक्त एक लक्षात ठेवा, कारण मुलाखतींत यावर हमखास घसरतात. हळहळ नसणं म्हणजे नफा असणं नव्हे. सगळेच पर्याय बुडीत असतील तर तुम्ही सर्वात चांगल्या बुडीत पर्यायाइतकेच बुडाल. हमी तेवढीच आहे.

हाय-फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाच्या सूक्ष्म भागांत चालणाऱ्या, ट्रेडिंगवर संशोधन करण्यासारखं काही उरलंय का?

उरलंय, आणि माझ्या मते त्यातला रसाळ भाग वेग कसा वाढवायचा हा नाही, वेगाची शर्यत का लागते हा आहे. शिकागोत एसअँडपी ५०० या शेअर निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालतात, न्यूयॉर्कमध्ये त्याच निर्देशांकाचा फंड. माणसाच्या नजरेला दोन्ही भाव एकत्रच हलताना दिसतात. मिलिसेकंदात मोजलं तर एक आधी हलतो, दुसरा मागून. त्या फटीत जो आधी पोचेल त्याचा नफा. २०१० मध्ये या दोन शहरांमध्ये सरळ रेषेत नवी केबल टाकली गेली. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर, आणि जाऊन येण्याचा वेळ १६ मिलिसेकंदांवरून १३ वर आला. पुढे मायक्रोवेव्हचे मनोरे आले आणि केबलही मंद ठरली.

बुडिश, क्रॅम्टन आणि शिम यांनी २०१५ मध्ये दाखवलं की इतका खर्च होऊनही एकूण नफ्याची फट आटली नाही, फक्त ती पकडायला लागणारा वेग वाढला. दोष खेळाडूंचा नाही, नियमाचा आहे : घड्याळ सलग चालतं आणि ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम आहे, म्हणून एक सूक्ष्म क्षणसुद्धा विकत घेण्यासारखा ठरतो. त्यांचा उपाय म्हणजे ठरावीक छोट्या अंतराने सगळ्या ऑर्डरी गोळा करून एकदम लिलाव करायचा. मग शर्यत वेगाऐवजी भावावर येते. वाह आणि वेलमन यांनीही २०१३ मध्ये सिम्युलेशनमधून अशाच उपायाकडे बोट दाखवलं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेत आयईएक्स या बाजाराला मान्यता मिळाली. तिथे वेगळी युक्ती आहे, गुंडाळलेल्या लांबलचक फायबरमधून प्रत्येक ऑर्डरला ३५० मायक्रोसेकंदांचा वळसा.

नियम बदलला की खेळाडू नवीन चाल शोधतात. म्हणजे काम संपत नाही.

पीएचडीआधी काय यायला हवं?

संभाव्यता. आणि मग पुन्हा संभाव्यता. बेझचा नियम, म्हणजे नवी माहिती आली की शक्यता कशी बदलते ते, वरच्या मार्केट मेकरच्या उदाहरणासारखा बोटांवर मोजता यायला हवा. त्यानंतर अल्गोरिदम, रेषीय प्रोग्रामिंगमधलं ड्युअलिटी, थोडं मशीन लर्निंग, आणि अर्थशास्त्रातला लिलावांचा एक तरी पूर्ण अभ्यासक्रम. कोडिंग चांगलं हवं. पायथॉन सगळ्यांना येतं, सी प्लस प्लस येणारे कमी, आणि कंपन्यांत त्याचीच विचारणा होते. स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचा धसका घेऊ नका. ऑप्शनच्या किमती ठरवायला ते लागतं, आपल्या विषयात कमी.

गाइड कोणत्या विभागात शोधू?

संगणकशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च, अर्थशास्त्र, वित्त. चारही चालतात, पण चारही घरांच्या रीती वेगळ्या. संगणकशास्त्रात परिषदेतला पेपर मोलाचा. आपल्या विषयाची मुख्य परिषद एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची ‘ईसी’, १९९९ पासूनची. ‘वाइन’ आणि ‘सॅग्ट’ याही आहेत, आणि वित्तातल्या एआय साठी २०२० पासून ‘आयसीएआयएफ’. वित्त आणि अर्थशास्त्रात मात्र नियतकालिकच खरं. तिथे एक पेपर दोनतीन वर्षं रेफरींच्या हातात फिरणं नवलाचं नाही. संगणकशास्त्राच्या सवयीने वाट पाहत बसलात तर कंटाळून जाल.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. सिद्धांताच्या पेपरांवर लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने असतात, मशीन लर्निंगमध्ये कामाच्या वाट्याने. दोन्हीकडे छापणाऱ्याच्या बायोडेटात हा गोंधळ दिसतो आणि निवड समितीतल्या प्रत्येकाला तो कळतोच असं नाही. एका ओळीची तळटीप टाका.

माझा अल्गोरिदम बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या डेटावर चालवून पाहताना, दणदणीत नफा दाखवतोय. पेपर लिहू की कंपनी काढू?

आधी चूक शोधा. माझी सांगते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी मार्केट मेकिंगचा एक प्रोग्राम लिहिला. जुन्या ऑर्डर बुकवर चालवला, तर नफ्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी वर. तीन आठवडे मी हवेत होते. मग गाइडनी एकच विचारलं, ‘तुझा सौदा झाला असं कधी धरलंस?’ मी धरलं होतं की भाव माझ्या आकड्याला शिवला की माझं काम झालं. प्रत्यक्षात त्या भावावर माझ्याआधी रांग असते. भाव नुसता शिवून मागे फिरतो तेव्हा रांगेतल्या पुढच्यांचं काम होतं, माझं नाही. भाव माझ्या आकड्याला तुडवून पलीकडे जातो तेव्हा मात्र माझी ऑर्डर नक्की भरते. थोडक्यात, चांगले सौदे मला मिळत नव्हते आणि वाईट एकही चुकत नव्हता. रांग धरून पुन्हा मोजलं तर रेघ तितकीच सरळ आली, फक्त उताराची. ग्लॉस्टन आणि मिलग्रॉम मला तोंडपाठ होते, तरी ते माझ्याच प्रोग्रामला लागू पडतात हे सुचलं नाही.

दुसरी चूक संख्येची. बिनकामाच्या २०० युक्त्या तपासल्यात तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर दहाएक निव्वळ नशिबाने पास होणार, आणि आपण पेपर त्या दहांवर लिहितो. हार्वी, लिऊ आणि झू यांनी २०१६ मध्ये म्हणूनच सुचवलं की नव्या शोधासाठी टी-मूल्य (निकाल नुसत्या नशिबाचा नाही याचं सांख्यिकी माप) २ नाही, ३ च्या वर मागा. आणि शोध खरा असला तरी? मॅक्लीन आणि पॉन्टिफ यांनी त्याच वर्षी ९७ छापील युक्त्या तपासल्या. मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर परतावा २६ टक्क्यांनी कमी, आणि पेपर छापून आल्यानंतर ५८ टक्क्यांनी कमी. इतर लोक पेपर वाचतात!

डेटा कुठून मिळवायचा?

नॅसडॅकचं ऑर्डर बुक संशोधकांसाठी पुन्हा रचून देणारी ‘लॉब्स्टर’ ही सेवा आहे. सिम्युलेशनसाठी ‘अबाइड्स’ पाहा. जुना डेटा खरा असतो पण मुका असतो, तुमच्या ऑर्डरला उत्तर देत नाही. सिम्युलेटर उत्तर देतो, पण ते उत्तर तुम्हीच लिहिलेलं असतं. दोन्ही वापरा आणि पेपरात कोणतं कुठे वापरलं ते स्पष्ट लिहा.

कंपनीत राहून पेपर छापता येतात का?

काही प्रमाणात. कंपनीचं सगळं ‘झाकली मूठ’ या तत्त्वावर चालतं. ज्यातून पैसे येतात ते छापता येत नाही, आणि जे छापायला परवानगी मिळते त्यातून पैसे येत नसतात, असा माझा अनुभव आहे. ऑर्डर कमी खर्चात कशी पार पाडायची हा भाग बऱ्याचदा सुटतो. कधी घ्यायचं आणि कधी विकायचं हा नाही.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : नोकरीआधीचं तुमचं संशोधन तुमचंच राहील, छापण्याची परवानगी कोण आणि किती दिवसांत देईल, आणि सोडल्यावर किती महिने प्रतिस्पर्ध्याकडे जाता येणार नाही. त्या शेवटच्या काळात पगार मिळतो का, तेही विचारा. मी दुसरी गोष्ट विचारली नव्हती. माझा एक पेपर चौदा महिने कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिला. तोवर तोच निष्कर्ष दुसऱ्या कोणीतरी छापला.

उलटी सोयही असते. काही विद्यापीठं प्राध्यापकांना आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून काम करू देतात. मला आज तीच बरी वाटते.

एकदा गेलं की परत येता येतं का?

येतं, दोनतीन वर्षांच्या आत. त्यानंतर बायोडेटातली पेपरांची पोकळी समितीला समजावून सांगणं जड जातं. जाण्याआधी एखादा सहलेखक विद्यापीठात ठेवून जा, मीही तसंच परतले.

पगारातला फरक?

मोठा. तुम्ही ऐकलाय त्यापेक्षा बहुधा मोठा.

पोकरमध्ये यंत्रं जिंकली. मग बाजारही सुटला, नाही का?

२०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांमध्ये हरवलं. त्याच्या मुळाशी वर सांगितलेली हळहळ कमी करण्याचीच पद्धत होती. पण तो दोघांचा, शून्य-बेरजेचा खेळ. पत्ते ५२, नियम ठरलेले. तिथे समतोलाची चाल खेळलात तर सरासरीने हरत नाही. बाजारात खेळाडू किती तेच माहीत नसतं, आणि समतोल अनेक असू शकतात. कोणता येईल ते इतरांवर अवलंबून.

मला याहून जास्त काळजीचा वाटतो तो कॅल्व्हानो आणि सहकाऱ्यांचा २०२० चा प्रयोग. साधे, स्वतंत्रपणे शिकणारे किंमत ठरवणारे अल्गोरिदम एकमेकांशी एक शब्द न बोलता चढ्या किमतींवर स्थिरावले, आणि कोणी किंमत पाडली तर त्याला शिक्षा करायलाही शिकले. कट करणारा कोणी नाही, पण परिणाम कटाचाच. कायदा कोणाला धरणार?

या कामाने समाजाचं काही भलं होतं का, की नुसते पैसे इकडून तिकडे?

काही भाग नुसता इकडून तिकडे. वेगाची शर्यत बरीचशी त्यात मोडते. पण बाजाराचे नियम चुकले तर काय होतं हेही पाहिलंय. ६ मे २०१० ला डाऊ जोन्स काही मिनिटांत हजारेक अंशांनी कोसळला आणि तितक्याच लवकर बहुतांश सावरला. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या सर्व्हरवर जुना कोड चुकून जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. खोट्या ऑर्डरी दाखवून इतरांना फसवण्याला स्पूफिंग म्हणतात. ते कसं ओळखायचं, आणि ओळखणाऱ्याला चुकवायला स्पूफिंग करणारा काय करेल, हा तर शुद्ध गेम थिअरीचा प्रश्न आहे. अशा कामाला हात लावणारी माणसं कमी आहेत. त्यात पैसे कमी आहेत हे एक कारण असावं.

तुम्ही स्वतः ट्रेडिंग करता का?

नाही. माझे पैसे इंडेक्स फंडात आहेत. समोर कोण बसलंय ते मी आतून पाहून आले आहे.